मधल्या नावाची जागा: येरमाळा, तेर आणि इटली

मराठी माणसाला मधले नाव निवडावे लागत नाही. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी काय लिहून जाते हे कोणालाच ठाऊक नसते, बाराव्या दिवशी आत्याने त्याच्या कानात कोणते नाव सांगावे यावरही घरात चार मते असतात. परंतु त्या नावानंतर येणारा शब्द मूल पोटात असतानाच ठरलेला असतो. तो शब्द बापाचा. इटलीत नेमके उलटे आहे. तिथे मधल्या नावाला ‘सेकोंदो नोमे’, म्हणजे नुसते ‘दुसरे नाव’, म्हणतात. ते ठेवले तर ठेवले, न ठेवले तरी काही अडत नाही, आणि ठेवायचे झाल्यास ते कोणते असावे हे आईबापांच्या पसंतीवर सोडलेले असते.

आता इटलीत राहणारी मराठी कुटुंबे आहेत, इटालियन जोडीदाराबरोबर संसार थाटलेली मराठी माणसे आहेत. अशा घरी मुलगा जन्मला तर त्याला इटालियन नाव ठेवावे काय, आणि ठेवल्यास त्याच्या जोडीला मधले नाव कोणते शोभेल, हा प्रश्न वरवर पाहता हौसेचा वाटतो. आमच्या मते तो इतिहासाचा प्रश्न आहे. नावातली मधली जागा कोणाची, याची उत्तरे दोन्ही समाजांनी गेल्या दोन हजार वर्षांत वेळोवेळी बदलली आहेत. आणि एके काळी ही उत्तरे एकमेकांच्या इतकी जवळ होती की आज त्यांचे नवल वाटावे. त्या जवळिकीचा माग काढण्यासाठी आम्ही रोमपासून आरंभ न करता धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्यापासून करतो. नाव म्हणजे काय, याविषयी या गावाकडे सांगण्यासारखे बरेच आहे. शिवाय ज्या तेर नगरीचा माल रोमन बाजारापर्यंत जात होता, ती नगरीही याच जिल्ह्यात आहे.

येरमाळा हे कळंब तालुक्यातले, सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव. गावाची ओळख येडेश्वरीमुळे. चैत्री पौर्णिमेला तिची मोठी यात्रा भरते, पालखी आमराईत जाते, आणि भाविक रानातून चुनखडीचे खडे वेचून आणतात. या देवीला लोक लाडाने ‘येडाई’ म्हणतात. नावामागची लोककथा महाराष्ट्राला परिचित आहे. वनवासात सीतेच्या शोधात फिरणाऱ्या रामाची परीक्षा पाहावी म्हणून पार्वती सीतेचे रूप घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. रामाने तिला ओळखले आणि तू वेडी आहेस की काय, अशा अर्थाचे काही उद्गारला. तोच उद्गार देवीचे नाव झाला. तुळजापूरच्या भवानीलाही ‘तुकाई’ म्हणतात, आणि ‘तू का, आई?’ या रामाच्या प्रश्नातून ते नाव आले असे तिथेही सांगितले जाते. भाषाशास्त्राला या व्युत्पत्ती मान्य होतील की नाही, हा मुद्दा वेगळा. लोकांना मात्र आपल्या देवीचे नाव एका ‘येड्या’ शब्दावरून पडले याचा संकोच वाटला नाही, उलट जवळीक वाटली, हे महत्त्वाचे.

हाच न्याय आमच्या खेड्यांनी मुलांनाही लावला. दगडू, धोंडू, केरबा, उकिर्डा ही नावे आईबापांनी आपल्या हाताने, प्रेमाने ठेवलेली आहेत. ज्या घरी पाठोपाठची मुले दगावत, त्या घरी पुढच्या मुलाला मुद्दाम हिणकस नाव देत. दगडाकडे, केराकडे कोणाची दृष्ट जात नाही, मृत्यूही वळून पाहत नाही, अशी त्यामागची आशा. त्या नावांत तुच्छता नसते, भय असते आणि माया असते. (मुलींच्या ‘नकुशी’ची गोष्ट निराळी, तिथे भय मुलगी जगेल याचे होते. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली, ते योग्यच झाले.)

आता इटलीचा कायदा पाहा. जन्मनोंदणीसंबंधीच्या २००० सालच्या इटालियन नियमावलीचे ३४ वे कलम सांगते की, मुलाला हास्यास्पद किंवा लाजिरवाणे नाव देऊ नये. हयात असलेल्या बापाचे नाव देऊ नये, हयात भावा-बहिणीचे देऊ नये, आडनाव हे नाव म्हणून देऊ नये, असेही त्यात आहे. पुढच्या ३५ व्या कलमाप्रमाणे नाव मुलाच्या लिंगाला अनुरूप हवे आणि त्यात तीनपेक्षा अधिक नावे नकोत. या कायद्याचा प्रत्यय २००७ साली जेनोआच्या एका दांपत्याला आला. त्यांनी मुलाचे नाव ‘वेनेर्दी’, म्हणजे ‘शुक्रवार’, ठेवले होते. न्यायालयाला त्यातून रॉबिन्सन क्रूसोचा तो दास आठवला, अशुभ वाराची समजूत आठवली, आणि मुलाची पुढे थट्टा होईल असे वाटले. मुलगा ३ सप्टेंबरचा, म्हणजे संत ग्रेगरीच्या सणाचा. तेव्हा त्याचे नाव ‘ग्रेगोरिओ’ असावे असे ठरले. आमच्याकडे सोमवारी जन्मला तो सोमा, मंगळवारचा मंगळू, बुधवारचा बुधा आणि शुक्रवारचा सुक्र्या, ही नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. जेनोआच्या न्यायालयात आमचा अर्धा गाव नापास झाला असता!

गंमत अशी की, न्यायालयाने जो उपाय सुचवला तोही आम्हांला परका नाही. जन्मदिवसाच्या संताचे किंवा गावच्या रक्षक संताचे नाव मुलाला देणे ही इटलीची जुनी रीत आहे. नेपल्सचा जेन्नारो, मिलानचा अँब्रोजिओ, बारीचा निकोला ही नावे उच्चारताच गाव कळते. आमच्याकडे खंडू म्हटले की जेजुरी किंवा अणदूर डोळ्यांसमोर येते, तुळजाराम म्हटले की तुळजापूर आणि गोरोबा म्हटले की तेर. शिवनेरीवर जन्मलेल्या मुलाचे नाव गडावरच्या शिवाई देवीवरून शिवाजी ठेवले गेले अशी परंपरा आहे. आणि त्याच्या वडिलांचे व काकांचे, शहाजी आणि शरीफजी यांचे, नाव अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवले होते. श्रद्धास्थान कोणत्या धर्माचे, याचा हिशेब भोसल्यांच्या घराने केला नाही.

कानाला जाणवणारे आणखी एक साम्य आहे. शहरी मराठी कानाला ‘आ’ने संपणारे नाव मुलीचे वाटते, त्यामुळे लुका, आंद्रेआ, निकोला, एलिया ही इटालियन मुलांची नावे पहिल्याने खटकतात. परंतु विठोबा, ज्ञानोबा, केरबा, गोरोबा या नावांच्या रांगेत ती नेऊन बसवली की खटकणे थांबते. आंद्रेआ या नावाचे मूळ तर ‘पुरुष’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. ‘आ’काराची धास्ती येरमाळ्याच्या पारावर कोणाला वाटणार नाही.

इथवर पहिल्या नावाचे झाले. मधल्या नावाकडे वळण्यासाठी तेरला गेले पाहिजे.

आज तेर हे गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकऱ्यांना ठाऊक आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ते ‘तगर’ होते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारपुस्तिकेत पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून तगराचा उल्लेख येतो. तिथले कापड बैलगाड्यांनी भडोच बंदरात जाई आणि पुढे जहाजांतून पश्चिमेला. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तशीच, तिची बहीण शोभावी अशी, दुसरी मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या उत्खननात मिळाली आणि आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोहोचली होती. ती तेरच्या किंवा भोकरदनच्या परिसरात घडली असावी असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. तेव्हा आमच्या जिल्ह्याचा आणि इटलीचा परिचय कालचा नाही.

त्या काळी या दोन टोकांना माणसे आपली नावे कशी लिहीत होती? रोममध्ये प्रतिष्ठित नागरिकाच्या नावाचे तीन भाग असत: स्वतःचे नाव, कुळाचे नाव आणि शाखेचे किंवा बिरुदाचे नाव. गायुस युलियुस सीझर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. परंतु दगडावर नाव कोरायची वेळ आली की यांच्या मधोमध आणखी एक तुकडा घालीत, आणि तो बापाचा असे. रोमच्या पँथिऑनच्या दर्शनी भागावर आजही मोठ्या अक्षरांत अग्रिप्पाचे नाव आहे. मार्कुस अग्रिप्पा यानंतर दोनच अक्षरे येतात, ‘एल’ आणि ‘एफ’. त्यांचा अर्थ ‘लुसियुसचा मुलगा’. रोज हजारो प्रवासी त्या अक्षरांखालून जातात. मराठी प्रवाशाने मान वर करून पाहिले तर त्याला आपल्याच शाळेच्या हजेरीपटाची रीत तिथे कोरलेली दिसेल.

आणि त्याच सुमारास आमच्याकडे? सातवाहन राजे आपल्या नावाआधी आईचे नाव लावीत होते. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या लेण्यात पुळुमावीच्या १९ व्या वर्षी गौतमी बलश्रीने कोरवलेला लेख आहे, त्यात आई आपल्या मुलाचे पराक्रम सांगते. यावरून सातवाहनांची राजवट मातृसत्ताक होती असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. गादी मुलालाच मिळत होती, आणि आईच्या गोत्रनामाने राजाची ओळख सांगण्याची ती एक रीत होती. तरीही हे विसरता येत नाही की, महाराष्ट्राच्या पहिल्या मोठ्या राजघराण्याच्या नावात पालकाची जागा आईकडे होती आणि त्याच वेळी रोमच्या दगडावर ती बापाकडे होती. मग आमच्याकडे ती बापाकडे कशी आली, आणि इटलीत ती रिकामी कशी झाली?

आमच्याकडच्या बदलाचा पुरावा जुन्या कागदांत सापडतो. मध्ययुगीन मराठी महजरांत, निवाडापत्रांत, खरेदीखतांत ‘अमुक बिन तमुक पाटील’ अशी नावे पानोपानी दिसतात. ‘बिन’ म्हणजे मुलगा. अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला शब्द. त्याच्या जोडीला ‘वल्द’ होता, आणि बायकांसाठी ‘कोम’, म्हणजे अमक्याची बायको. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे इथल्या महसुली दप्तरात ही रीत अधिक काळ टिकली. (खुद्द जिल्ह्याचे नावही एका निजामाच्या नावावरून उस्मानाबाद होते, २०२३ मध्ये ते अधिकृतपणे धाराशिव झाले.) पेशव्यांच्या घरी ‘बिन’ गाळून बापाचे नाव सरळ जोडीत. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव बल्लाळ, त्याचा मुलगा बाळाजी बाजीराव, त्याचा पुन्हा माधवराव बल्लाळ. ‘बल्लाळ’ हे बाळाजीचेच रूप. नुसती नावे ओळीने वाचली तरी वंशावळ तयार होते.

पुढे इंग्रजी अमदानीत शाळा, कचेऱ्या, नोकरीची पुस्तके आली आणि तीन रकान्यांचे नाव सर्वांसाठी रूढ झाले. ‘बिन’ गळाला, ‘कोम’ गळाला. बापाचे आणि नवऱ्याचे नाव मात्र जागेवर राहिले. आमच्या प्रतिपादनाचा गाभा इथे आहे. मराठीतले मधले नाव हे मुळात नाव नव्हेच, ते एक नाते आहे. नाते सांगणारा शब्द झिजून गेला म्हणून ते आज नावासारखे दिसते.

इटलीतही हा शब्द होता. तो होता ‘दी’, म्हणजे ‘चा’. याचे सर्वांत मोठे उदाहरण जगाला ठाऊक आहे, पण त्या नावाकडे आपण या दृष्टीने पाहत नाही. लिओनार्दो दा विंचीचे पूर्ण नाव ‘लिओनार्दो दी सेर पिएरो दा विंची’. लिओनार्दो, सेर पिएरोचा, विंची गावचा. स्वतःचे नाव, बापाचे नाव, गावाचे नाव! तो आमच्याकडे जन्मता तर शाळेच्या दाखल्यावर ‘लिओनार्दो पिएरो विंचीकर’ असे सरळ लिहिले गेले असते. २०१८ पासून पुढे अनेक वर्षे इटलीत नवजात मुलांना सर्वाधिक दिले गेलेले नाव लिओनार्दो हेच होते, हा योगायोगही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मग फरक कुठे पडला? इटलीत आडनावे स्थिर होत गेली. १५६३ मध्ये आटोपलेल्या ट्रेंटच्या धर्मसभेने प्रत्येक चर्चला बाप्तिस्म्याची वही ठेवण्याची आज्ञा केली, आणि वहीत एकदा लिहिले गेलेले नाव पुढच्या पिढीलाही चिकटू लागले. कुणा एका पिएत्रोच्या मुलाला ‘दी पिएत्रो’ म्हणत. आता त्याचा नातू आणि पणतूही दी पिएत्रोच राहिले. दे लुका, द’आंजेलो, दी स्तेफानो ही आजची आडनावे म्हणजे गोठलेली बापनावे आहेत. बाप असा आडनावात गोठल्यावर मधली जागा मोकळी झाली, आणि तिथे आवडीचे, संताचे, आजोबांचे, कोणाचेही नाव बसू शकले. मराठीत बाप कधी गोठला नाही. आडनाव गावावरून, वतनावरून, धंद्यावरून आले आणि बापाचे नाव दर पिढीला नव्याने मधल्या जागी बसत राहिले. एका समाजाने बापाला आडनावात कायमचे मुक्कामी ठेवले, दुसऱ्याने त्याला मधल्या खोलीत एका पिढीपुरते राहू दिले.

परंतु नाते सांगणारी जागा असली की ज्याला ते नाते सांगता येत नाही त्याची कोंडी होते. लिओनार्दो हे विवाहबाह्य अपत्य होते. आईचे नाव कातेरीना. सेर पिएरोने त्याला कायद्याने औरस करून घेतले नाही. तरी आजोबा अंतोनिओ यांनी आपल्या वहीत १५ एप्रिल १४५२ ही जन्मतारीख आणि बाप्तिस्मा नोंदवून ठेवला, आणि बापाचे नाव त्याला आयुष्यभर लाभले. सर्वांचे नशीब असे नव्हते. प्राचीन रोममध्ये ज्याला कायदेशीर बाप नाही त्याच्या नावाच्या त्या मधल्या तुकड्यात ‘स्पुरियुसचा मुलगा’ अशी खूण येई, आणि वाचणाऱ्याला काय ते कळे. नेपल्सच्या अनुंझियाता संस्थेच्या भिंतीत एक फिरते लाकडी चाक होते. रात्री त्यात तान्हे मूल ठेवून आई निघून जाई. १८७५ मध्ये ते चाक बंद झाले, पण तिथल्या मुलांना मिळालेले ‘एस्पोझितो’, म्हणजे ‘टाकलेला’, हे आडनाव आज दक्षिण इटलीत हजारो घरांचे आहे. म्हणूनच २००० सालचा कायदा बजावतो की, ज्या मुलाचे आईबाप अज्ञात आहेत त्याला त्याच्या जन्माची कथा उघड करणारे नाव वा आडनाव देऊ नये.

आमच्याकडे ही कोंडी मधल्या रकान्यात झाली. मुरळीच्या, जोगतिणीच्या मुलाला शाळेत घालताना बापाच्या जागी काय लिहायचे, या प्रश्नाला पिढ्यान्‌पिढ्या देवाचे नाव लिहून उत्तर दिले गेले. येरमाळ्याला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातून आलेले शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ हे आत्मकथन १९८४ साली प्रसिद्ध झाले. बाप कोण, त्याचे नाव कुणी लावायचे, आणि ते नसेल तर गावात, शाळेत, कचेरीत माणूस म्हणून उभे कसे राहायचे, हा त्या पुस्तकाचा मूळ प्रश्न. जो रकाना बहुतेकांनी न पाहता भरला, तो एखाद्याचे आयुष्य कसे अडवतो हे मराठी वाचकाला त्या पुस्तकाने दाखवले.

या कोंडीला महाराष्ट्रात एक उत्तर त्याआधी शतकभर दिले गेले होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत जोतीराव फुले. हे मधले नाव रक्ताने आलेले नव्हते, वतनाने आलेले नव्हते; एका माणसाने विचारपूर्वक आपले नाव त्या रिकाम्या जागी ठेवले होते. पुढे यशवंत डॉक्टर झाले, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी त्यांच्याच दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना देह ठेवला. मराठीत मधले नाव निवडता येत नाही असे आम्ही आरंभी म्हटले. निवडले गेले तेव्हा ते किती थोर असू शकते, याचे हे उदाहरण.

यशवंत हे नाव आणखी एका कारणाने इटलीशी जोडलेले आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीतून दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले आणि १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली मोंतोने या इटालियन गावात त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले गेले. पलटणीच्या आणि पदकाच्या नोंदीत त्यांचे नाव दोनच शब्दांचे आहे. मधला बाप लष्करी कागदावर गळाला, तरी एका मराठी नावाला इटलीच्या भूमीत घर मिळाले.

राहिली आई. कॅथलिक इटलीत पुरुषाचे नाव पुरुषी असावे असा दंडक असला तरी एका स्त्रीनामाला मधल्या जागी मुक्त प्रवेश आहे: मारिया. कार्लो मारिया मार्तिनी मिलानचे आर्चबिशप होते, कार्लो मारिया जुलिनी थोर संगीत-संचालक होते. अर्थात ही माता देवमाता. प्रत्यक्ष जन्मदात्रीला ती सवलत नव्हती. जन्मदात्रीसाठी २०२२ मध्ये इटलीच्या घटना न्यायालयाने दुसरे दार उघडले. केवळ बापाचेच आडनाव आपोआप लागणे घटनाबाह्य ठरवून, दोघांची आडनावे त्यांनी ठरवलेल्या क्रमाने लागतील, एकच लावायचे तर दोघांची संमती हवी, असा निर्णय त्याने दिला. महाराष्ट्राने दोन वर्षांनी आपल्या पद्धतीने तेच केले. मार्च २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय दस्तऐवजांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आला. इटलीत बाप आडनावात होता म्हणून आई आडनावात शिरली. आमच्याकडे बाप मधोमध होता म्हणून आई मधोमध आली. गौतमीपुत्राची रीत अठरा शतकांनी सरकारी ठरावातून परतली, असे म्हणायला हरकत नाही.

एवढ्या पार्श्वभूमीवर मूळ प्रश्नाकडे येऊ. इटलीतल्या मराठी घराने मुलाला मधले नाव कोणते द्यावे?

बापाचे नाव मधल्या जागी तसेच ठेवणे सर्वांत सोपे वाटते, पण तिथे ते सर्वांत अवघड आहे. भारतीय पारपत्रात नावाचे दोनच रकाने असतात. त्यामुळे राहुल दत्तात्रय असे दोन्ही शब्द दिलेल्या नावात जातात आणि इटालियन कचेरी दत्तात्रय हे राहुलचेच दुसरे नाव समजते. तिथल्या सोळा अक्षरी करसंकेतात नावाची तीन व्यंजने घेतात. नुसत्या राहुलची आर, एच, एल ही होतात. पण दत्तात्रय जोडला की व्यंजने चाराहून अधिक होतात, आणि नियमाप्रमाणे पहिले, तिसरे व चौथे घेतल्याने आर, एल, डी होते. बाप असा मुलाच्या संकेतात जाऊन बसतो! मूल इटालियन नागरिक असेल तर अडचण मुळातच आहे, कारण हयात बापाचे नाव मुलाला देण्यास कायदा मनाई करतो. आमच्याकडे जे नाते आहे ते तिथे नाव ठरते, आणि नाव म्हणून ते निषिद्ध होते.

दुसरी वाट, पहिले नाव मराठी आणि मधले इटालियन. इथे लिपीचे खेळ ध्यानात घ्यावेत. इटालियनमध्ये ‘सीएच’चा उच्चार ‘क’ होतो. चेतन रोमन लिपीत लिहिला की तिथे तो ‘केतान’ वाचला जातो आणि एका मराठी मुलाचा दुसराच मराठी मुलगा होतो. सचिन ‘साकिन’ होतो. ‘एच’ मूक असल्याने राहुलचा ‘राउल’ होतो. उलट बाजूने, दारिओ हे सुरेख इटालियन नाव गावाकडच्या आजीच्या कानी पडले तर तिला दारू आठवणार, हेही गृहीत धरावे.

आम्हांला तिसरी वाट अधिक सयुक्तिक वाटते. पहिले नाव इटालियन असावे, दोन्ही भाषांत सहज उच्चारता येणारे. मार्को, लुका, एलिया, लिओनार्दो, काहीही. मधल्या जागी आजोबांचे नाव असावे. पहिल्या मुलाला आजोबांचे नाव देणे ही दक्षिण इटलीची जुनी रूढी आहे, आणि नातवात आजोबा परत आले असे मानणे ही आमचीही. आमची अडचण एवढीच असते की, आजोबा हयात असतील तर सुनेने त्या नावाने मुलाला हाक कशी मारायची, रागावायचे कसे. मधल्या नावाने कोणी हाक मारीत नाही. तेव्हा तो संकोच आपोआप सुटतो. इटालियन कायदा बाप आणि भावंडे यांचीच नावे वर्ज्य मानतो, आजोबांचे नाही. हे आजोबा आईकडचे असले तर आणखी चांगले. आडनावात एक घराणे आले की मधल्या जागी दुसरे येते, आणि मुलाच्या नावात दोन्ही आजोळे नांदतात.

मार्को नामदेव, लुका यशवंत, एलिया गोरोबा ही नावे मोठ्याने म्हणून पाहावीत. ती कानाला विसंगत लागत नाहीत. लागलीच तरी पँथिऑनवर बापाचे नाव कोरणाऱ्या, नाशिकच्या लेण्यात आईचे नाव कोरणाऱ्या आणि येरमाळ्यात देवीला ‘येडाई’ म्हणून हाक मारणाऱ्या माणसांच्या वारसाला इतकी विसंगती सोसायला हरकत नाही. मुलगा मोठा झाला की एक दिवस विचारील, माझ्या नावाच्या मधोमध हे कोण आहेत? त्या वेळी घराला सांगण्यासारखे उत्तर असावे. मधल्या जागेचे काम रोममध्ये आणि तगरात पहिल्यापासून तेच होते.